गाळ काढायला ये

प्रिय मित्रा,

परवा धुळ्याच्या स्टँडवर पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून तू विचारलंस, "सर, पर्लमध्ये आता काही राम उरलाय का?" तेवढ्यात तुझी गाडी लागली आणि उत्तर राहून गेलं.

तू साक्रीकडचा. पांझरा नदीवरचे बंधारे, त्यांच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे फड, पाटकरी हे मी तुला काय सांगणार? ज्यांचं भरणं त्या पाटावर, त्यांनीच मिळून पाट साफ करायचा, ही तुझ्या आजोबांची रीत. पर्लही तशीच चालली. 1987 मध्ये लॅरी वॉलने ती आणली. 1995 पासून जगभरच्या लोकांनी आपापली मोड्यूल्स, म्हणजे कोडचे तयार तुकडे, सीपॅन या सामायिक ऑनलाइन कोठारात फुकट ठेवली आणि आपण ती उचलली.

चुका झाल्या, मान्य. सहावी आवृत्ती 2000 मध्ये जाहीर झाली, यायला 2015 चा डिसेंबर उजाडला, आणि 2019 मध्ये तिला राकू हे वेगळं नाव घ्यावं लागलं. तोवर कितीतरी लोक ताटकळून निघून गेले. तरी आज निवडलेलं तीन जणांचं मंडळ मूळ पर्लचा कारभार बघतं, वर्षाला नवी आवृत्ती निघते. हा गाडा ओढणारे हात मोजके आहेत. आणि तू भविष्य विचारतोस! ते दुसऱ्याने घडवून तुझ्या पुढ्यात ठेवायचं का? गाळ काढ.

चिडलोय, पण तुझ्यापेक्षा स्वतःवर जास्त. जळगावात एका संस्थेच्या हिशेबात केळीवाल्या शेतकऱ्यांची नावं देवनागरीत क्रमाने लागत नव्हती. तीन रात्री बसून मी मोड्यूलमधली चूक काढली आणि दुरुस्ती आमच्याच मशीनवर ठेवली. मूळ लेखकाला पाठवली नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे पडत, इंग्रजीत चार ओळी लिहायची धास्ती वाटे, साहेब म्हणाले, "आपलं काम झालं ना?" ही कारणं खोटी नव्हती, आजही मला पटतात. तरी पाठवायला हवी होती. पुढे ते मशीन भंगारात गेलं, सोबत दुरुस्तीही.

पोटासाठी पायथन ही दुसरी भाषा शीक, जरूर शीक. तिचा जनक गुइदो व्हॅन रॉसमने 2018 मध्ये अखेरचा शब्द आपल्याकडे ठेवणं सोडलं. आता पाच जणांची निवडलेली समिती आहे. म्हणजे तिथेही पाट लोकांचाच, तिथेही गाळ काढ.

तू दाखवलेला तो तारखांचा घोळ आधी नोंदव. तो पकडणारी छोटी चाचणी लिही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. रविवारी जळगावला ये, जेवायलाच ये. दोघं बसून पाठवू.

तुझा,
सर