घरच्या वर्कशॉपसाठी १२ हजारांपर्यंत कोणता एअर कॉम्प्रेसर घ्यावा?

ठाण्यात कोलशेतला तळमजल्यावरच्या खोलीत तुम्ही लाकूडकाम करता, तुम्हाला छोटी नेल गन चालवायची आहे, अधूनमधून फर्निचरला स्प्रेने पॉलिश मारायचे आहे, गाडीच्या चाकांत हवा भरायची आहे, आणि दुकानदार मात्र ५० लिटर टाकीचा ३ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसरच घ्या म्हणून आग्रह करतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी ऐरोलीला रो-हाउसच्या पुढच्या खोलीत गेली आठ वर्षे हेच काम करतो आणि माझा पहिला कॉम्प्रेसर मी अशाच आग्रहाला बळी पडून घेतला होता. तुमच्या कामाला दीड हॉर्सपॉवरच्या आसपासचा, २४ ते ३० लिटर टाकीचा, बिनतेलाचा (म्हणजे ज्याच्या पिस्टनला वंगणाचे तेल घालावे लागत नाही असा) आणि कमी आवाजाचा कॉम्प्रेसर पुरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेसरच्या अंगावर हॉर्सपॉवर, टाकीचे लिटर आणि कमाल दाब हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. आपल्याला उपयोगी पडणारा आकडा चौथा असतो, तो म्हणजे कामाच्या दाबाला मिनिटाला प्रत्यक्षात मिळणारी हवा. ती सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशी सांगतात, आणि एक सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर. यातही एक मेख आहे. पुष्कळ कंपन्या जो आकडा छापतात तो पिस्टन कागदावर किती हवा ओढतो त्याचा असतो. ६ किंवा ७ बार दाबाला (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेइतका दाब) बाहेर पडणारी खरी हवा, जिला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, ती छोट्या मशीनमध्ये त्याच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असते. माझ्या पहिल्या कॉम्प्रेसरवर १२ सीएफएम लिहिले होते. घरी आणून घड्याळ लावले, तेव्हा ५० लिटरची रिकामी टाकी ८ बारपर्यंत भरायला साडेतीन मिनिटे लागली. टाकीत गेलेली हवा ५० गुणिले ८, म्हणजे ४०० लिटर. मिनिटाला जेमतेम ११५ लिटर, म्हणजे ४ सीएफएम. लिहिलेल्याच्या एक तृतीयांश.

हाच हिशेब तुम्ही दुकानात, पैसे देण्याआधी करावा. मशीन चालू करून टाकी भरू द्या, मग ड्रेन कॉक (टाकीच्या तळाची पाणी सोडायची तोटी) किंवा ब्लो गनने हवा सोडत दाब उतरवा आणि प्रेशर स्विचने मोटर पुन्हा चालू केली की लगेच हवा सोडणे थांबवून मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावा. समजा २४ लिटरची टाकी साडेपाच बारवरून ८ बारवर यायला ४५ सेकंद लागले, तर अडीच बार गुणिले २४, म्हणजे ६० लिटर हवा पाऊण मिनिटात आली. मिनिटाला ८० लिटर, सुमारे पावणेतीन सीएफएम. ही परीक्षा शून्यापासून टाकी भरण्याच्या परीक्षेपेक्षा अधिक खरी असते, कारण प्रत्यक्ष काम त्याच दाबाच्या पट्ट्यात चालते. जो दुकानदार मशीन लावून दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये.

आता ही ८० लिटर हवा तुमच्या कामाला लावून पाहू. एफ-३० नेल गनला, म्हणजे बारीक खिळे मारणाऱ्या छोट्या गनला, एका खिळ्यामागे लिटरभरही हवा लागत नाही. गाडीच्या चाकात २८ पीएसआयवरून ३३ करायला १४-१५ लिटर पुरतात. ही दोन्ही कामे झाली, तरी कॉम्प्रेसरला घाम फुटत नाही. अडचण येते ती स्प्रेला. साध्या छोट्या स्प्रे गनला मिनिटाला १२० लिटरच्या आसपास हवा लागते. टाकीतली शिल्लक ८ बारवरून ४ बारपर्यंत वापरली तर २४ लिटरच्या टाकीतून ९६ लिटर मिळतात त्यातले पहिले ६० लिटर मोटर चालू होण्याआधीच अर्ध्या मिनिटात संपतात, आणि उरलेल्या ३६ लिटरमधून मिनिटाला ४० लिटरची तूट भरून काढत तुम्ही एकूण सलग दीड मिनिटाला थोडे कमी फवारू शकता. स्टूल, टीपॉय, कपाटाचे एक दार यांचा एक हात तेवढ्यात होतो, मग मिनिटभर थांबायचे. कमी दाबाला भरपूर हवा वापरणारी, मिनिटाला ३०० लिटर मागणारी एचव्हीएलपी गन लावली तर मात्र अर्ध्या मिनिटाच्या आत दाब कोसळतो आणि फवारा थेंब थेंब टाकू लागतो. हवेवर चालणाऱ्या सँडरचेही तसेच आहे. म्हणून सँडर विजेवरचाच ठेवावा, आणि मोठे वॉर्डरोब फवारायचे असतील तर ते बाहेर करून घ्यावेत. वर्षातून दोनदा लागणाऱ्या अवजारासाठी वर्षभर जागा अडवणारे मशीन घेणे १२ हजारांच्या बजेटमध्ये मला पटत नाही.

तेलाचा की बिनतेलाचा, यावर कारागिरांमध्ये मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. तेलाचे मशीन त्याच किमतीत जास्त हवा देते आणि नीट ठेवले तर जास्त टिकते. पण पावसाळ्यात थोडा वेळ चालवून बंद केले की दमट हवेतले पाणी त्याच्या तेलात मिसळते. काचेच्या खिडकीतून दिसणारे तेल दुधाळ झाले, तर ते लगेच बदलावे लागते. शिवाय तेलाचा अंश हवेबरोबर गनपर्यंत गेला की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि तो भाग घासून पुन्हा करण्यावाचून इलाज नसतो. दुसरे कारण आवाजाचे. तेलाचा डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय थेट मोटरला जोडलेला) कॉम्प्रेसर ९० डेसिबलच्या आसपास ओरडतो, तर बिनतेलाचा सायलेंट प्रकार बहुधा ६० ते ७०च्या दरम्यान राहतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे सायलेंट मशीनसुद्धा रबरी पायांवर, भिंतीपासून दूर आणि दिवसाच चालवावे. तुमच्या डोक्यावर लोक राहतात, हे विसरून चालणार नाही.

विजेचे थोडक्यात सांगतो. मशीन १६ अँपिअरच्या, स्वतंत्र एमसीबी असलेल्या पॉइंटवरच लावा, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. लांब जायचे असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड न लावता हवेचा पाइप लांब घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडून मोटर जळते, पाइपात फक्त थोडा दाब पडतो.

ज्याकडे आपल्या खाडीकाठच्या हवेत सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे आणि ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, ते म्हणजे पाणी. ३० अंश तापमानाला, जुलैतल्या ८५ टक्के आर्द्रतेत, एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ८ बारपर्यंत दाबून थंड झाली की ती साडेतीन ग्रॅमपेक्षा कमी वाफ धरू शकते, आणि उरलेल्या २० ग्रॅमहून अधिक वाफेचे पाणी होते. मी पावसाळ्यात तासभर फवारणी केली की टाकीखाली कटिंग चहाचा ग्लास धरून ड्रेन कॉक उघडतो. आधी फुसकारा येतो, मग गंजाने तपकिरी झालेले पाणी, जवळजवळ अर्धा ग्लास. हे पाणी आत राहिले तर टाकीचा तळ आतून गंजत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काम संपले की दाब एखाद्या बारपर्यंत उतरवून कॉक उघडायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. स्प्रेसाठी गनच्या अलीकडे फिल्टर-रेग्युलेटर, म्हणजे हवेतले पाणी गाळणारा आणि दाब कमी-जास्त करणारा भाग, बसवा, आणि तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशी न बसवता काही मीटर पाइपानंतर बसवा, म्हणजे हवा थंड होऊन पाणी फिल्टरमध्ये अडकते. आमच्याकडे पॉलिश करणारे काका भर पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे पॉलिश मारायला सरळ नकार देतात, कारण ओल्या हवेत ते पांढरे पडते. त्यावर कुठलाही फिल्टर उपाय नाही.

आतल्या गंजाच्या कारणानेच जुन्या बाजारातली टाकी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आतून किती गंजली आहे ते ठोकून कळत नाही, आणि डाग दिलेली टाकी तर हातही लावण्याजोगी नसते. फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्यावर सिलिंडर जोडण्याचे जुगाडही टाळा. त्याची हवा फारच थोडी असते, तो तेल बाहेर फेकतो, आणि त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह कुणी बसवत नाही.

तुमच्या १२ हजारांतले साधारण नऊ-दहा हजार मशीनसाठी धरा आणि उरलेल्यात पाइप, कपलर, फिल्टर-रेग्युलेटर आणि डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा बसवा. घेताना त्याच कंपनीचा प्रेशर स्विच, पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह प्लेट ठाण्यात सुटी मिळते का, हे विचारा. घरी आणल्यावर टाकीत थोडा दाब भरला की सेफ्टी व्हॉल्व्हची (दाब जास्त झाला तर आपोआप हवा सोडणाऱ्या झडपेची) कडी एकदा ओढून हवा सुटते का ते पाहा, मग टाकी भरून मशीन बंद करा, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावा, आणि रात्रभर काटा कुठे राहतो ते बघा. सकाळी तो एखाद्या बारपेक्षा जास्त उतरला असेल, तर बुडबुडे दिसलेल्या जोडाला टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळून घट्ट करा. गळती जोडात नसून टाकीच्या वेल्डिंगमधून असेल, तर काहीही दुरुस्ती न करता मशीन त्याच दिवशी बिलासह परत न्या.