ईस्टरची पोकळ अंडी : फुटू नयेत, कुजू नयेत म्हणून

प्रश्न : ईस्टरला फांदीवर टांगण्यासाठी मी आणि माझ्या मुलीने गेल्या वर्षी सहा अंडी पोकळ करून रंगवली. दोन भोक पाडतानाच फुटली, उरलेल्यांना आठवडाभरात वास येऊ लागला आणि रंगही डागाडागांनी बसला. आमचे काय चुकले असेल?

उत्तर : तुमच्या तिन्ही अडचणी रंगकामाच्या आधीच्या आहेत. बहुतेक जण सगळा उत्साह रंगांसाठी राखून ठेवतात आणि अंडे रिकामे करण्याचे काम घाईने उरकतात, परंतु माझ्या मते या कलेतला निम्म्याहून अधिक भाग तिथेच आहे.

अंड्याचे कवच जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचे असते, त्यामुळे सुई एकदम दाबली की तडा जातो. अंडी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवावीत, म्हणजे आतला द्रव थोडा सैल होतो. भोक पाडायच्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा आणि जाड सुई किंवा दाभण न ठोकता, बोटांमध्ये धरून, गोल गोल फिरवत आत जाऊ द्यावी. निमुळत्या टोकाला लहान आणि बोथट टोकाला तीन-चार मिलिमीटरचे भोक पुरते. त्यानंतर मोठ्या भोकातून सरळ केलेली तार घालून पिवळा बलक नीट फोडावा. तो अखंड राहिला, तर कितीही फुंकले तरी बाहेर येत नाही आणि मग जोर वाढवताना अंडे हातातच फुटते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून तोंडाने फुंकण्याऐवजी लहान भोकाशी सुईविना सिरिंज धरून हवा ढकलावी. मुलगी सोबत असल्याने हे मी आग्रहाने सांगते. निघालेले अंडे त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावे.

दुर्गंधीचे कारण आत राहिलेला पांढरा बलक. सिरिंजने साबणाचे कोमट पाणी आत सोडून, दोन्ही भोके बोटांनी झाकून अंडे हलवावे आणि बाहेर येणारे पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. मग मोठे भोक खाली ठेवून दोन-तीन दिवस वाळवावे. कानाशी हलवल्यावर किंचितही डचमळ ऐकू आली, तर अजून एक दिवस थांबा.

डाग पडतात ते बोटांच्या तेलकटपणामुळे आणि कवचावर सुकलेल्या बलकामुळे. रंगवण्यापूर्वी बाहेरची बाजू व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने हलकेच पुसावी आणि नंतर अंडे फक्त टोकांशी धरावे. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे आम्लात विरघळते, म्हणून ते व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नये. कांद्याच्या सालींच्या काढ्याने तांबूस तपकिरी, हळदीने पिवळा आणि जांभळ्या कोबीने निळा रंग येतो. एक कप काढ्याला एक चमचा व्हिनेगर पुरे. मात्र पोकळ अंडे तरंगते, आणि वर राहिलेली बाजू फिकी पडते, म्हणून त्यात थोडा काढाच भरून ते बुडवावे आणि नंतर निथळावे.

युक्रेनमध्ये मेणाच्या रेषा ओढून, फिकटापासून गडदाकडे एकेका रंगात बुडवत जी ‘पिसांका’ अंडी बनवतात, आणि ज्यांची कला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, ती परंपरेने अखंड कच्च्या अंड्यावरच रंगवली जातात. मेणाचे काम करायचे असेल, तर तुम्हीही आधी रंगवा आणि मग रिकामे करा. खाण्याजोगे नसलेले रंग वापरल्यास आतले अंडे टाकून द्या.

टांगण्यासाठी काडेपेटीच्या काडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मधोमध दोऱ्याने बांधून लहान भोकातून उभा आत सोडावा. दोरा ओढताच तो आडवा होऊन अडकतो. भोक त्या काडीपुरते आधीच रुंद करावे लागते. ख्रिस्ती परंपरेत रिकामे कवच ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीची खूण मानले जाते. मुलीला हे सांगाल, तर तीही सहाच्या सहा अंडी जपून हाताळील.