अंतर वाढलं की बायका पुरुषांना मागे टाकतात का?

तुमचा प्रश्न असा की, मॅरेथॉनमध्ये पुरुष पुढे असले तरी दोन-तीनशे किलोमीटरला बायकाच वेगवान ठरतात, हे खरं का? त्यावरून बहिणीशी पैजही लागलीय म्हणता. मी बाई आहे, अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांबच्या शर्यती) धावते, त्यामुळे 'हो' म्हणायला मला आवडलं असतं. पण नाही.

२०२३ च्या अखेरचे जागतिक विक्रम बघा. मॅरेथॉनमध्ये केल्विन किप्टम २:००:३५, टिगिस्ट असेफा २:११:५३. फरक साधारण ९ टक्के. १०० किलोमीटरला तो साडेसातवर येतो. इथवर बहिणीची बाजू भक्कम. पण २४ तासांच्या शर्यतीत अलेक्सांद्र सोरोकिन ३१९.६ किलोमीटर, मिहो नाकाता २७०.४. म्हणजे थेट १५ टक्के! (एवढं लांब धावणाऱ्या बायका मुळातच कमी, हेही त्यात आलं.)

मग बायकांनी पुरुषांना हरवल्याच्या त्या बातम्या? त्याही खऱ्याच. २०१७ साली कोर्टनी डोवॉल्टरनं मोआब २४० ही अमेरिकेतली सुमारे २४० मैलांची शर्यत ५७ तास ५५ मिनिटांत मारली आणि दुसरा आलेला पुरुष तिच्यामागून जवळपास दहा तासांनी पोहोचला. २०१९ मध्ये जॅस्मिन पॅरिसनं ब्रिटनमधली सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तासांत जिंकली, तीही चेकपॉइंटवर थांबून चौदा महिन्यांच्या लेकीसाठी दूध काढत. विक्रमच होता तो. पण २०२४ मध्ये जॅक स्कॉटनं तीच शर्यत ७३ तासांच्या आत संपवली. अशा शर्यतींना माणसं मोजकी असतात. अव्वल बाई आली आणि अव्वल पुरुष फिरकलेच नाहीत, की निकाल असा लागू शकतो.

पुरुषांची आघाडी येते मोठ्या हृदयातून, जास्त हिमोग्लोबिनमधून. तिसऱ्या रात्री मात्र चढावर सगळे चालतच असतात, त्या इंजिनाचा पुरता उपयोग कुणालाच होत नाही. तिथे पोट, झोप आणि तळपायाचे फोड निकाल लावतात. त्यात बायकांचे स्नायू तुलनेनं उशिरा थकतात, चरबीही इंधन म्हणून जास्त वापरली जाते.

एकदा मी शर्यतीतल्या एड स्टेशनवर (धावणाऱ्यांच्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर) रात्रपाळीला होते. पहाटे तीनला खुर्च्यांवर पाच-सहा पुरुष बसलेले, एक जण बादलीत ओकत होता. सगळे पहिल्या चढावर सुसाट सुटलेले. तेवढ्यात एक बाई आली, हेडलॅम्पची बॅटरी बदलली, मिठात बुडवून दोन बटाटे खाल्ले, "पुढचा चढ किती?" एवढंच विचारलं आणि गेली. चार मिनिटंही थांबली नसेल. शर्यत अर्थात पुरुषानंच जिंकली, पण खुर्चीवरच्यांपैकी नव्हे.

तेव्हा पैज जागतिक विक्रमांवर असेल तर बहिणीकडून वसूल करा. तुम्ही दोघंच धावणार असाल, तर पहिल्या चढावर तिच्या पुढे जाऊ नका.