परदेशी संगणक अभ्यासक्रम आपल्या शाळेत जसाच्या तसा वापरता येईल का?

नाही, जसाच्या तसा नको. संकल्पना ठेवा, प्रसंग बदला. २००४ साली लिथुआनियात सुरू झालेली ‘बेब्रास’ ही संगणकीय विचारांची, म्हणजे प्रश्न टप्प्याटप्प्याने तर्काने सोडवण्याची, स्पर्धा असंच करते. वेगवेगळ्या देशांतले लोक मिळून प्रश्नांचा सामाईक साठा तयार करतात, मग प्रत्येक देश त्यातले हवे ते निवडून आपल्या भाषेत आणतो. बर्फ कधीच न पाहिलेल्या मुलाला बर्फ हटवणाऱ्या गाडीचा सर्वांत जवळचा रस्ता शोधायला सांगितला, तर त्याचं निम्मं लक्ष ती गाडी समजण्यातच जातं. तिथे घंटागाडी घ्या, गणित तेच राहतं. हे काम वर्गातल्या शिक्षकाकडेच हवं, नुसत्या भाषांतरकाराकडे नाही. मात्र प्रसंग बदलला की प्रश्न सोपा किंवा अवघडही होऊ शकतो, म्हणून आधी चार-पाच मुलांकडून सोडवून घ्या.