‘बाबा कधी येतील?’ याला तारीख सांगू नकोस

प्रश्न : काकू, माझे मिस्टर फौजेत नायक आहेत. जूनपासून फील्डवर पोस्टिंग आहे, तिथं फॅमिली नेता येत नाही. मी सासरी, सासूबाई आणि दोन लेकरं. फोन आठ-दहा दिवसांनी येतो, तोही मधेच कटतो. सोयाबीन निघालं, आता कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. त्यात शेजारच्यानं आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला. सात वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो आणि रोज विचारतो, बाबा कधी येतील? परवा शाळेला उठेना म्हणून मी त्याला दोन थापडा मारल्या, मग चुलीपाशी बसून रडले. सासूबाई म्हणतात, तिकडे काही सांगू नको, त्याच्या जिवाला घोर लागेल. म्हणून फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणते. किती दिवस म्हणू?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पोरी, आधी लेकराला जवळ घे आणि सांग, ‘माझं चुकलं, मी थकले होते.’ सात वर्षांच्या पोराला एवढं कळतं.

मीही फौजीचीच बायको. आमचे हे २००२च्या संक्रांतीला येणार होते. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीनं फुली मारायचा. पण आदल्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, फौजा सीमेवर गेल्या, सुट्ट्या बंद झाल्या. ऑपरेशन पराक्रम म्हणतात ते हेच, दहा महिने चाललं. संक्रांतीला पोरगं दिवसभर फाट्यावर एसटी बघत बसलं. रात्री त्यानं कॅलेंडर फाडलं. पुढे सरपंचांच्या घरी ह्यांचा फोन आला, की हा न्हाणीत जाऊन बसायचा, यायचाच नाही. तारीख मीच सांगितली होती ना! त्यानंतर मी कधी तारीख सांगितली नाही. ‘तुरी काढायच्या सुमारास येतील’ म्हणायचे. वावरातलं पोर, पावसानं काम लांबतं हे त्यानं पाहिलेलं असतं.

अंथरुणावरून त्याला घरात कुणी हिणवू नये. झोपताना पाणी कमी दे, लघवीला नेऊन आण. लघवीला जळजळ, ताप किंवा खूप तहान असेल, तर डॉक्टरांना दाखव. बाबा फील्डवर गेलेत हे बाईंच्या, गुरुजींच्या कानावर घाल.

आता फोनचं. सगळंच सांगू नकोस, पण धुऱ्याचं नक्की सांग, कारण त्यावर त्यांना तिथून काही करता येतं. त्यांनी युनिटमध्ये अर्ज दिला, की कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात. तूही सातबारा घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, एकटी नको, भावाला ने. पोरानं बाबांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवावं आणि फोन पहिला त्याच्या हाती द्यावा, कटायच्या आत त्याचं बोलून होतं. सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांनाही रात्रभर झोप नसेल, एकदा विचारून बघ.

फील्डवर असलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही लष्करी स्टेशनांवर क्वार्टर मिळतात, अर्ज युनिटमार्फतच जातो. पण वावर आणि सासूबाईंना सोडून जाणं जमेल का, हे तूच ठरव.

तुझं रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही मराठीत बोलता येतं. तेवढ्यानं कुणी तुला वेडी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी लाव.

आणखी एक त्यांना आधीच सांगून ठेव. सुट्टीवर आल्यावर लेकरं लगेच बिलगतीलच असं नाही. आमचे हे त्या वर्षी थेट दिवाळीनंतर आले. तीन वर्षांची धाकटी माझ्या लुगड्यामागून विचारते, ‘हे काका कधी जातील?’ ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पण बोलले काही नाहीत. बाजेवर बसून तिच्यासाठी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत राहिले. तिसऱ्या दिवशी ती शेजारी येऊन बसली आणि वाटीतले दाणे खाऊ लागली.