अहवालातला शब्द आणि वर्गातलं मूल

ताई, मुलगा तिसरीत, अहवालात 'सौम्य बौद्धिक अक्षमता, 50 टक्के', वर्गाच्या बाई म्हणतात गतिमंद, शेजारीण म्हणते एलडी असेल, आणि शाळा म्हणते विशेष शाळेत घाला. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात 22 वर्षं विशेष शिक्षिका आहे. दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन कुणीतरी आई येतेच.

बौद्धिक अक्षमतेला पूर्वी 'मतिमंद' म्हणत. तसं म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून लोक 'गतिमंद' म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो. संथ गतीनं शिकणारं मूल वेगळं. त्याचा बुद्ध्यंक साधारण 70 ते 85, सराव जास्त दिला की ते बरंच पुढं येतं. बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यंक साधारण 70 च्या खाली असतो, पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. कपडे, पैसे, रस्ता, बोलणं या रोजच्या व्यवहारातही मूल वयाच्या मानानं मागं असावं लागतं. एलडी म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. तिथं बुद्धी चांगली असते, अडतं ते वाचन, लेखन किंवा गणितात. तोंडी उत्तरं खणखणीत, वही मात्र कोरी. तुमच्या अहवालाशी हे जुळत नाही.

50 टक्के म्हणजे त्याला निम्मंच कळतं, असं समजून रडलेल्या आया मी पाहिल्यात. तसं अजिबात नाही हो. हा आकडा प्रमाणपत्रासाठी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त असेल तर बरेचसे लाभ मिळतात. त्याला उद्या काय शिकवायचं, हे त्यातून कळत नाही.

त्याच कायद्यानं अशा मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड तुमची, शाळेची नाही. विशेष शाळा कमी प्रतीची असते असं मी म्हणणार नाही, काही मुलं तिथंच फुलली. पण साध्या शाळेत नुसतं मागच्या बाकावर बसवून ठेवणं म्हणजे समावेशित शिक्षण, म्हणजे सगळ्या मुलांबरोबर एकाच वर्गात शिकणं, नव्हे. त्यात शिकवणं, परीक्षा, बसण्याची जागा हे सगळं शाळेनं मुलाप्रमाणे बदलायचं असतं.

म्हणून शाळा कुठलीही असो, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे फक्त तुमच्या मुलासाठी ठरवलेली उद्दिष्टं, लेखी मागा. 'गणित सुधारणे' असं लिहून आणलं तर परत द्या. 'दिवाळीपर्यंत 10, 20, 50 च्या नोटा ओळखून, मदतीशिवाय, 5 पैकी 4 वेळा दूध आणेल' असं हवं. म्हणजे झालं की नाही ते तुम्हालाही दिसतं.

माझ्या एका विद्यार्थ्याला मुळाक्षरं दोन वर्षं येईनात. मग केएमटीच्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, पाटीवरचा 'रंकाळा' हा अख्खा शब्दच ओळखायला शिकवला, आजोबांबरोबर तो रोज तिकडं जायचा म्हणून. र, का, ळा ही अक्षरं त्याला त्या शब्दातूनच सुटी झाली.

अहवालात रोजच्या व्यवहाराच्या चाचणीचं एक पान असेल. त्यातलं मुलाला काय जमतं तेवढं इथं लिहा, नाव-गाव नको. पहिली तीन उद्दिष्टं आपण मिळून ठरवू.