जैवरेणूंचे चार प्रकार पाठ आहेत, पण भात आणि पेंढा दोन्ही ग्लुकोजचेच कसे?

तुम्ही विचारले आहे की कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले ही नावे अकरावीला पाठ केली, पण भात आणि पेंढा दोन्ही ग्लुकोजपासूनच बनत असतील तर भात आपल्याला पचतो आणि पेंढा फक्त गुरांना, असे का?

मी फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. हा धडा नावांपासून सुरू करतात तिथेच घोळ होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक, मुख्यत्वे एवढ्यांतूनच हे चारही प्रकार उभे राहतात. कोण कोणाला कुठल्या बाजूने जोडलाय, ते बघायचे.

भातातल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे रेणू अल्फा बंधांनी, म्हणजे वलयाच्या खालच्या बाजूने निघणाऱ्या बंधांनी, जोडलेले असतात. त्यामुळे साखळीला पीळ पडतो, ती सैल राहते, आणि लाळेतल्या अमायलेज या विकराला (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला) तो बंध तोडता येतो. पेंढ्यातल्या सेल्युलोजमध्ये बंध बीटा, म्हणजे वरच्या बाजूने निघणारे. तिथे प्रत्येक पुढचा ग्लुकोज आधीच्याच्या उलटा बसतो, साखळी सरळसोट होते, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. हा बंध तोडणारे विकर आपल्याकडे नाही. गाईकडेही स्वतःचे नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

हा फरक डोळ्यांनी बघता येतो. उकड्या तांदळाची पेज पाणी घालून पातळ करा आणि पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम पेजेत रंग टिकत नाही. त्यात औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे दोन थेंब टाका. पेज निळीकाळी होते, कारण स्टार्चच्या पिळाच्या पोकळीत आयोडीन जाऊन बसते. तेच थेंब कापसावर टाका. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. डाग तपकिरीच राहतो, आयोडीनला शिरायला पीळच नाही. माझ्या वर्गात हे बघितल्यावर अल्फा-बीटा पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

मेदांचे जरा निराळे आहे. ते लांबलचक साखळीसारखे वाढत जात नाहीत. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडली की रेणू पूर्ण. पण गंमत त्या मेदाम्लांच्या आकारात आहे, आणि आपल्या गोव्यातल्या घरात त्याचे तीन नमुने सहज सापडतात. खोबरेल तेलात सर्वांत जास्त असते ते १२ कार्बनचे सरळ (दुहेरी बंध नसलेले) मेदाम्ल, म्हणून पावसाळ्यात पातळ असलेली बाटली जानेवारीच्या पहाटे थिजलेली दिसते. टाचांच्या भेगांना लावायच्या भिरंडेलात (कोकमाच्या बियांच्या तेलात) १८ कार्बनचे सरळ मेदाम्ल भरपूर, त्यामुळे ते उन्हाळ्यातही घट्ट. बांगड्याच्या तेलात मात्र २० ते २२ कार्बनची अशी मेदाम्ले असतात ज्यांत पाच-सहा दुहेरी बंध आहेत. प्रत्येक दुहेरी बंधापाशी मेदाम्लाची लांब शेपटी वाकते. वाकड्या शेपट्या एकमेकींना चिकटून रचता येत नाहीत, म्हणून ते तेल थंडीतही पातळ. आपल्या पेशींची आवरणे लवचीक राहतात त्यामागेही हेच कारण आहे.

प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्ले असतात आणि तिथे क्रमाला महत्त्व. त्वचेतल्या आणि हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनाची तीन पदरी वीण १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. तिच्यात दर तिसऱ्या जागी ग्लायसिनच लागते, कारण तीन पदरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तेवढेच लहान अमिनो आम्ल मावते.

न्यूक्लिइक आम्ले दोन, आरएनए आणि डीएनए. त्यांच्याबद्दल एकच मुद्दा पक्का करा. आरएनएच्या साखरेत दुसऱ्या कार्बनवर ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, डीएनएत तिथे नुसता हायड्रोजन. त्या ओएचमुळे आरएनएची साखळी स्वतःच तुटू शकते. डीएनए त्या मानाने कितीतरी टिकाऊ, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती तिथे साठवलेली असते.

आता पुस्तक मिटा आणि ग्लुकोजचे वलय हाताने काढा. पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. मग दोन-दोन वलये जोडून बघा. कुठे अडलात तर खाली लिहा, मी आकृती काढून टाकीन.